तुमचे प्रश्न : सेगेदची माणसं

मागच्या अंकात एका वाचकांनी विचारलं होतं की त्यांची भाची स्टायपेंडियम हंगेरिकम स्कॉलरशिपवर हंगेरीतल्या सेगेद नावाच्या गावी शिकायला चालली, तर हे गाव कशासाठी ओळखलं जातं. आपण चार ओळींत उत्तर दिलं होतं, की दक्षिण हंगेरीत सर्बियाच्या बॉर्डरजवळ तिसा नदीवरचं शहर आहे, मिरचीसाठी फेमस आहे आणि तिथल्या मिरचीतून व्हिटॅमिन सी काढणाऱ्या सायंटिस्टला नोबेल मिळालं. आता मिरचीचं नाव काढलं आणि नागपूरकर गप्प बसले असं होते काय बाप्पा! इतके मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की यावेळचं अख्खं सदर त्याच गावाला देऊन टाकलं. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केले, आणि दोघातिघांनी व्हिसाबद्दल विचारलं आहे, त्यांनी कृपया एम्बसीच्या साइटवर पाहावं, ते आमचं काम नाही.

प्रश्न : तुम्ही चार ओळींत भागवलं. त्या गावात जन्मलेल्या पाचसहा मोठ्या माणसांची नावं द्या म्हणजे भाचीला तोंडपाठ करून पाठवतो. पण तिथेच जन्मलेले पाहिजेत, बाहेरून आलेले नको.
– तेच काका, मानेवाडा

काका, तुमची अट जरा अवघड आहे, पण आधी अटीत बसणारे सांगतो. ज्युला युहास हे कवी, जन्म सेगेद १८८३, सगळ्यात अस्सल सेगेदवाले हेच, जन्मही तिथे आणि शेवटही तिथेच, १९३७ मध्ये. बेला बालाझ, जन्म १८८४, यांनी बेला बार्टोक या मोठ्या संगीतकाराच्या एकुलत्या एका ऑपेराचे शब्द लिहिले, आणि सिनेमा ही स्वतंत्र कला आहे हे मूकपटांच्या जमान्यात पुस्तक लिहून मांडलं, फिल्म इन्स्टिट्यूटवाले पोट्टे आजही त्यांना वाचतात. येनो हुस्का हे ऑपेरेटाचे (म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकांचे) संगीतकार, जन्म १८७५. आणि विल्मोश झिगमोंड, जन्म १९३०, हे कॅमेरामन. यांची गोष्ट भाचीला जरूर सांगा, कारण १९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि रशियन रणगाडे रस्त्यावर आले तेव्हा यांनी आणि त्यांचे दोस्त लास्लो कोवाच यांनी ते सगळं चोरून शूट केलं, हजारो फूट फिल्म घेऊन बॉर्डर पार करून ऑस्ट्रियात गेले, तिथून अमेरिका, तिथे आधी मिळेल ते काम केलं आणि नंतर 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'च्या कॅमेऱ्यासाठी ऑस्कर घेतलं.

आता अटीची गंमत सांगतो. सेगेदचं नाव ज्यांच्यामुळे जगाला माहीत झालं त्यातले बहुतेक जण तिथे जन्मलेच नाहीत. नोबेलवाले सेंट-ज्यॉर्जी बुडापेस्टचे, कोरोना लसवाल्या कारिको सोल्नोकच्या, कवी योझेफ अत्तिला बुडापेस्टचे, राद्नोती पण बुडापेस्टचे, आणि बुद्धिबळवाला लेको तर तेव्हाच्या युगोस्लाव्हियात जन्मला. आणि जे सेगेदमध्ये जन्मले त्यातले बालाझ आणि झिगमोंड बाहेर जाऊन मोठे झाले. असं का, तर याला सरळ कारण आहे. पहिल्या महायुद्धात हंगेरी हरली, १९२० च्या त्रियानोन तहात तिचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग गेला, त्यात कोलोझवार हे शहर रोमानियाकडे गेलं (आजचं क्लुज), आणि तिथली युनिव्हर्सिटी बेघर झाली. ती उचलून १९२१ मध्ये सेगेदला आणली. म्हणजे रातोरात बॉर्डरवरचं झालेल्या एका शेतीच्या बाजारपेठेच्या गावात प्रोफेसर, लायब्ररी, दवाखाने, सगळं येऊन पडलं. तेव्हाचे शिक्षणमंत्री कुनो क्लेबेल्सबर्ग यांनी त्यात जीव ओतला, केंब्रिजला बसलेल्या सेंट-ज्यॉर्जींना परत बोलावून घेणारे हेच. त्यांची समाधी पण सेगेदच्याच मोठ्या चर्चमध्ये आहे, आणि तेही सेगेदचे नव्हते!

तर काका, जन्मदाखला पाहून यादी केली तर निम्मं गाव रिकामं होते. आणि आपण तरी कुठे पाहतो, सुरेश भट अमरावतीचे, पण रेशीमबागेत एवढं मोठं सभागृह त्यांच्या नावाने उभं आहे आणि कोण्या नागपूरकराला ते परके वाटत नाहीत (अमरावतीवाल्यांनी यावर पत्र लिहू नये, आम्हाला माहीत आहे).

प्रश्न : आमची भिवापुरी मिरची जीआय टॅगवाली आहे. त्या सेगेदच्या मिरचीत असं काय होतं जे आमच्या मिरचीत नाही? नोबेल आमच्या मिरचीला का नाही भेटलं?
– एक मिरची उत्पादक, भिवापूर

भाऊ, मिरचीत काही कमी नव्हतं, फक्त तिच्या बाजूला लॅब नव्हती. नीट सांगतो, कारण ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते आणि बहुतेक ठिकाणी अर्धीच सांगतात.

आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी हे १९२० च्या दशकात आधी हॉलंडमध्ये ग्रोनिंगनला आणि मग केंब्रिजला काम करत होते. ते काही व्हिटॅमिन शोधत नव्हते, ते शोधत होते की शरीरात ऑक्सिजन वापरून अन्न जळतं म्हणजे नेमकं काय होतं. सफरचंद कापून ठेवलं की तपकिरी पडते आणि संत्रं, लिंबू पडत नाही, हे का, इथून सुरुवात. त्यात त्यांना एक पदार्थ सापडला, गुरांच्या किडनीवर ज्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात त्यात तो होता, कोबीत होता, संत्र्यात पण होता. त्याला त्यांनी हेक्झुरोनिक अ‍ॅसिड म्हटलं. पण मिळायचा चिमूटभर. अमेरिकेत मिनेसोटाला मेयो क्लिनिकमध्ये जवळजवळ वर्षभर राहून, कत्तलखान्यातून ग्रंथी आणून आणून, कसंबसं २५ ग्रॅम जमवलं, त्यातलं अर्धं इंग्लंडमध्ये हॉवर्थ नावाच्या केमिस्टला दिलं रचना काढायला, आणि ते पुरलंच नाही. माल संपला, काम ठप्प.

मग सेगेदला आले. तिथे अमेरिकेतून स्विरबेली नावाचा एक तरुण आला, तो पिट्सबर्गला व्हिटॅमिन सीवर काम करून आलेला होता. सेंट-ज्यॉर्जींनी उरलेली पूड त्याच्या हातात ठेवली आणि म्हटलं बघ हे व्हिटॅमिन सी आहे का. टेस्ट अशी की गिनीपिगला आपल्यासारखंच व्हिटॅमिन सी शरीरात तयार करता येत नाही, त्यामुळे नुसतं उकळलेलं अन्न दिलं की त्याला स्कर्वी होतो आणि तो मरतो. एका गटाला नुसतं उकळलेलं, दुसऱ्याला तेच अधिक रोज थोडीशी ही पूड. पहिला गट मेला, दुसरा टुणटुणीत. म्हणजे शेकडो वर्षं खलाशांना लिंबू पाजून जे वाचवत होते ते हेच. (पिट्सबर्गच्या किंग नावाच्या सायंटिस्टनेही त्याच सुमारास, काही आठवडे आधी, हेच छापलं, त्यावर पुढे वाद झालाच, अमेरिकेत काही लोक अजून करतात.)

पण माल कुठे होता? इथे मिरची येते. सेंट-ज्यॉर्जींनी स्वतः सांगितलेली गोष्ट अशी की एका रात्री बायकोने जेवणात ताजी लाल पाप्रिका वाढली, यांना ती खायची नव्हती, बायकोला नाही म्हणायची हिंमत नव्हती, तेवढ्यात डोक्यात आलं की अरे ही आपण कधी तपासलीच नाही, म्हणून ताटातली मिरची घेऊन लॅबमध्ये गेले आणि मध्यरात्रीपर्यंत कळलं की ही तर व्हिटॅमिन सीने गच्च भरली आहे. किती खरं किती रंगवलेलं ते त्यांनाच माहीत, पण त्यापुढचं पक्कं आहे, की सेगेदच्या आसपास मिरचीच मिरची, सीझनमध्ये घराच्या भिंतींवर दोऱ्यात ओवून लाल माळाच माळा टांगलेल्या असतात, त्यामुळे जिथे ग्रॅमची मारामार होती तिथे काही आठवड्यांत किलोच्या हिशोबाने शुद्ध स्फटिक तयार झाले. ते त्यांनी जगभरच्या लॅबना फुकट वाटले. हॉवर्थना रचना काढता आली, आणि १९३७ मध्ये सेंट-ज्यॉर्जींना मेडिसिनचं आणि हॉवर्थना केमिस्ट्रीचं नोबेल (त्यांचं दुसऱ्याबरोबर वाटून) मिळालं.

आता तुमच्या सातऱ्यावर (मिरची वाळवून खुडतात त्या जागी) जे चालते त्याबद्दल. वाळलेल्या मिरचीत आणि तिखटात हे व्हिटॅमिन फारसं उरत नाही, ऊन आणि हवा लागली की ते जाते, उकळलं की पण जाते. सेंट-ज्यॉर्जींची मिरची ताजी होती, रसरशीत, जाड सालीची, कमी तिखट. तिखटपणा आणि व्हिटॅमिन सी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तिखटपणा मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरांमध्ये असतो, आणि सेगेदवाले पूड करताना पूर्वीपासून त्या शिरा आणि बी काढून टाकायचे म्हणून त्यांची पूड रंगाला लालभडक आणि चवीला गोडसर. भिवापुरीची पूड खाल्लेल्या माणसाला ती फिकी वाटेल हे लिहून देतो.

प्रश्न : व्हिटॅमिन सी म्हटलं की संत्रा, हे लहानपणापासून ऐकत आलो. मग त्यांनी संत्र्यातूनच का नाही काढलं? आणि आपल्या संत्र्यात मिरचीपेक्षा कमी आहे हे खरं काय?
– बारावी सायन्सची विद्यार्थिनी, महाल

खरं आहे, वाईट वाटून घेऊ नको. ताज्या लाल मिरचीत १०० ग्रॅममागे साधारण १२५ ते १५० मिलिग्रॅम निघते. आपला नागपुरी संत्रा मँडरिन जातीचा, सुटी सालवाला, त्यात तेवढ्याच वजनाला २५-३० च्या आसपास, मोसंबीत त्याहून जास्त. आणि संत्र्यातून काढायला त्रास यासाठी की रसात साखर भरपूर असते, हे अ‍ॅसिड पण रचनेने साखरेचंच नातलग, दोघं पाण्यात विरघळतात, त्यामुळे वेगळं करता करता जीव जातो आणि हाती चिकट पाक येतो. मिरचीत साखर कमी, माल जास्त.

पण १०० ग्रॅम ताजी मिरची कोण खाते? संत्रे तीन आरामात खाल्ले जातात, आंबिया बहाराचे असोत की मृगाचे, आणि न शिजवता. त्यामुळे परीक्षेत मिरची लिही आणि घरी संत्रा खा.

प्रश्न : एवढा मोठा सायंटिस्ट, मग तो अमेरिकेत का गेला? ब्रेन ड्रेन म्हणायचं का?
– निवृत्त शिक्षक, उमरेड

सर, हा माणूस नुसता सायंटिस्ट नव्हता, याचं आयुष्य म्हणजे वेब सिरीज आहे. पहिल्या महायुद्धात मेडिकलचं शिक्षण अर्धवट सोडून आघाडीवर गेला, युद्ध निरर्थक आहे हे पटलं तेव्हा स्वतःच्या दंडात गोळी मारून घेतली आणि जखमी म्हणून घरी येऊन डॉक्टरकी पूर्ण केली. हे त्याने नंतर स्वतः लपवलं नाही. १९३९ मध्ये रशियाने फिनलंडवर हल्ला केला तर नोबेलचं सोन्याचं मेडल फिनलंडच्या मदतीला देऊन टाकलं. दुसऱ्या महायुद्धात हंगेरी हिटलरच्या बाजूने, आणि हे महाशय लेक्चरच्या निमित्ताने इस्तंबूलला जाऊन गुपचूप ब्रिटिशांशी बोलणी करून आले की हंगेरीला यातून बाहेर कसं काढता येईल. ते जर्मनांना कळलं, हिटलर भडकला, मग गेस्टापो (हिटलरचे गुप्त पोलीस) मागे आणि हे लपत फिरले, स्वीडनच्या वकिलातीने त्यांना स्वीडिश पासपोर्ट देऊन वाचवलं. आणि या सगळ्या भानगडीत सेगेदच्या लॅबमध्ये स्नायू आकुंचन कसे पावतात यावर काम चालूच होतं, त्यांच्याकडेच स्ट्राउब या तरुणाने १९४२ मध्ये अ‍ॅक्टिन हे प्रथिन शोधलं, जे आज अकरावीच्या बायोलॉजीत आहे. काहींच्या मते हे काम व्हिटॅमिन सीपेक्षा मोठं, आणि मला विचाराल तर मलाही तसंच वाटतं.

युद्धानंतर रशियन आले, त्यांनी आधी डोक्यावर घेतलं, मग जसजसा कम्युनिस्टांचा फास आवळत गेला तसं यांना राहणं अशक्य झालं, १९४७ मध्ये अमेरिकेत वुड्स होलला समुद्राकाठच्या प्रयोगशाळेत गेले, आणि तिथेच १९८६ मध्ये ९३ व्या वर्षी वारले. पगारासाठी गेले नाहीत सर, त्यामुळे ब्रेन ड्रेन म्हणायला माझी जीभ वळत नाही. १९७८ मध्ये अमेरिकेने हंगेरीचा राजमुकुट परत केला तेव्हा त्या शिष्टमंडळात मात्र हे होते.

प्रश्न : सेगेद पुरात वाहून गेलं होतं म्हणतात, खरं का?
– वाचक, अंबाझरी लेआऊट

तुम्हीच विचारणार हा प्रश्न! २०२३ च्या सप्टेंबरात एका रात्रीत तलाव ओव्हरफ्लो होऊन तुमच्याकडे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. सेगेदला १२ मार्च १८७९ च्या पहाटे तिसा नदीचे बंध फुटले आणि पावणेसहा हजारांच्या जवळपास घरांपैकी फक्त २६५ उभी राहिली, बहुतेक घरं मातीची होती ती विरघळून गेली. सम्राट फ्रान्झ जोसेफ पाहायला आला, पैसा जगभरातून आला, आणि लायोश तिसा (नाव नदीचंच, योगायोग) या आयुक्ताच्या हाताखाली लायोश लेखनरच्या प्लॅनप्रमाणे शहर नव्याने बांधलं, जमिनीची उंची वाढवली, दोन रिंग रोड आणि त्यांना छेदणारे सरळ रस्ते. ज्या शहरांनी मदत केली त्यांची नावं बाहेरच्या रिंग रोडच्या तुकड्यांना दिली आहेत, व्हिएन्ना, मॉस्को, लंडन, पॅरिस, बर्लिन, ब्रुसेल्स, रोम. आज जे सुबक शहर दिसते ते बहुतेक त्यानंतरचं.

प्रश्न : कोरोनाची लस शोधणाऱ्या मॅडमचा सेगेदशी नक्की काय संबंध? आमच्या लॅबमध्ये यावरून बेट लागली आहे.
– लॅब टेक्निशियन, मेडिकल चौक

बेट कोणी काय लावली ते कळवलं नाही, त्यामुळे दोघंही अर्धे अर्धे जिंकले असं समजा. कातालिन कारिको यांचा जन्म १९५५ चा, सोल्नोकचा, वाढल्या किशूयसालाश या लहान गावात, वडील खाटिक होते, घर साधं. शिकल्या सेगेदला, पीएचडीही तिथलीच, आणि आरएनएवरचं पहिलं काम सेगेदच्या बायॉलॉजिकल रिसर्च सेंटरमध्ये केलं. १९८५ मध्ये तिथला फंड संपला, नोकरी गेली. नवरा आणि दोन वर्षांची पोरगी घेऊन फिलाडेल्फियाला निघाल्या, तेव्हाच्या नियमाने देशाबाहेर एवढे पैसे नेता येत नव्हते, म्हणून गाडी विकून आलेले ९०० पौंड पोरीच्या टेडी बेअरमध्ये शिवून नेले. (ती पोरगी, सुझन फ्रान्सिया, पुढे अमेरिकेसाठी रोइंगमध्ये दोन ऑलिम्पिक गोल्ड जिंकली, २००८ आणि २०१२. टेडीने काम केलं म्हणायचं.)

तिकडे तरी सुखाचं होतं असं नाही. मेसेंजर आरएनए शरीरात सोडायचा आणि पेशींकडून पाहिजे ते प्रथिन तयार करून घ्यायचं ही त्यांची कल्पना, पण ग्रँटवाले ऐकूनच घेत नव्हते, १९९५ मध्ये युनिव्हर्सिटीने त्यांना चक्क खालच्या पदावर टाकलं. मग झेरॉक्स मशीनपाशी ड्र्यू वाइसमन हे इम्युनॉलॉजिस्ट भेटले. बाहेरून टोचलेला आरएनए शरीर घुसखोर समजून भडकते आणि सूज येते, हा मोठा अडथळा होता. तुम्ही लॅबवाले म्हणून जरा खोलात सांगतो, आरएनएच्या चार अक्षरांपैकी युरिडिन या अक्षराच्या जागी स्यूडोयुरिडिन टाकलं तर तीच सूज येत नाही, हे त्यांनी २००५ मध्ये छापलं (प्रथिनही जास्त बनते हे २००८ मध्ये). स्यूडोयुरिडिन शरीरात नैसर्गिकच असते, आपल्या टीआरएनएमध्ये भरपूर, नवीन काही केमिकल नाही. तेव्हा कोणी फारशी दखल घेतली नाही. १५ वर्षांनी फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना दोन्ही लसी याच युक्तीच्या जोरावर (त्यातल्याच एका सुधारित अक्षरासह) उभ्या राहिल्या, आणि २०२३ चं मेडिसिनचं नोबेल दोघांना मिळालं. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेली कोविशील्ड वेगळ्या पद्धतीची होती, व्हॉट्सअ‍ॅपवर ते गोंधळ चालू असतात म्हणून सांगून ठेवलं.

२०२१ पासून त्या सेगेद युनिव्हर्सिटीत प्रोफेसर आहेत. ज्या गावात नोकरी गेली तेच गाव आता त्यांना आपली म्हणते, आणि त्या पण हो म्हणतात, मग आपण कोण बोलणारे.

प्रश्न : सगळे सायंटिस्टच सांगता. साहित्यिक नाहीत का त्या गावात? का तिथेही कवींना कोणी विचारत नाही?
– एक कवी (अप्रकाशित), प्रतापनगर

कविराज, तुमच्यासाठीच राखून ठेवलं होतं. कवींना तिथे विचारतात, पण उशिरा.

योझेफ अत्तिला (त्यांच्याकडे आडनाव आधी) हा हंगेरीच्या विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या कवींपैकी एक. जन्म बुडापेस्टच्या गरीब वस्तीत १९०५ चा, बाप सोडून गेलेला, आई लोकांकडे धुणी धुवायची. शाळा सेगेदजवळच्या माको गावात. वर ज्यांचं नाव घेतलं त्या ज्युला युहासनी या १७ वर्षांच्या पोराच्या कविता वाचल्या आणि १९२२ मध्ये त्याचा पहिला संग्रह सेगेदमधून निघाला, प्रस्तावना युहासचीच. पुढे तो मास्तर व्हायचं म्हणून सेगेदच्या युनिव्हर्सिटीत दाखल झाला. १९२५ मध्ये तिथल्या एका पेपरात त्याची एक कविता आली, पोटात अन्न नाही, जवळ काहीच नाही, अशा पोराची, जो वेळ पडली तर चोरीही करेन आणि जीवही घेईन म्हणतो. भाषाशास्त्राचे प्रोफेसर अंताल होर्गर यांनी बोलावून दोन साक्षीदारांसमोर सांगितलं की अशी कविता लिहिणाऱ्याच्या हाती आम्ही मुलं सोपवणार नाही, तुला मास्तर होऊ देणार नाही. पोरगा सेगेद सोडून गेला. १२ वर्षांनी, आपल्या ३२ व्या वाढदिवसावर त्याने एक कविता लिहिली, लहान लहान ओळींची, हसत हसत, त्यात होर्गर महाशयांना चिमटा आहे की शाळेतच कशाला, मी माझ्या अख्ख्या जनतेला शिकवीन. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेल्वेखाली त्याचा अंत झाला.

आणि आता पुढचं वाचा. १९६२ मध्ये त्याच युनिव्हर्सिटीला त्याचंच नाव दिलं, योझेफ अत्तिला युनिव्हर्सिटी, २००० साली सगळी कॉलेजं एकत्र करून सेगेद युनिव्हर्सिटी होईपर्यंत ते राहिलं. मेन बिल्डिंगसमोर दुगोनिच चौकात त्याचा पुतळा आहे. त्याचा जन्मदिवस ११ एप्रिल हा हंगेरीचा कवितादिन. होर्गर यांनी व्याकरणावर बरंच भरीव काम केलं होतं म्हणे, पण आज त्यांना लोक ओळखतात ते या एका प्रसंगामुळेच, हे मला जरा जास्तच वाटते, एका दुपारच्या बोलण्यावर माणसाचं सगळं आयुष्य जमा व्हावं.

मिक्लोश राद्नोती पण इथेच शिकला, १९३० ते ३५. ज्यू म्हणून दुसऱ्या महायुद्धात मजुरांच्या छावणीत टाकला, १९४४ च्या नोव्हेंबरात पायी हाकत नेताना गोळी घातली. १९४६ मध्ये सामूहिक खड्डा उकरला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात एक छोटी वही मिळाली, त्यात शेवटपर्यंत लिहिलेल्या कविता. आज त्या हंगेरीत शाळेत शिकवतात. याहून जास्त मी लिहीत नाही, मिळाल्या तर वाचा, इंग्रजीत अनुवाद आहेत.

म्युझियमला ज्यांचं नाव आहे ते फेरेन्स मोरा लेखक, म्युझियमचे डायरेक्टर आणि उत्खनन करणारे असे तीन इन वन (जन्म किशकुनफेलेजहाझाचा, परत बाहेरचेच). आणि २०२५ चं साहित्याचं नोबेल मिळालेले लास्लो क्रास्नाहोरकाई तरुणपणी सेगेदला लॉ शिकत होते, पूर्ण मात्र केलं नाही तिथे. लांबच लांब वाक्यांसाठी प्रसिद्ध आहेत, फुलस्टॉप पानापानांनी येतो. या सदराच्या वाचकांना सवय आहे म्हणा त्याची.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा, चेस खेळतो, रेटिंग आहे. कोच म्हणतात हंगेरीला पाठवा, तिकडे नॉर्म (ग्रँडमास्टरसारख्या किताबासाठी स्पर्धेत करून दाखवावी लागणारी कामगिरी) लवकर होतात. सेगेदमध्ये चेसचं काही आहे का? दिव्या देशमुखही हंगेरीतच मोठी झाली ना?
– पालक, धरमपेठ

दिव्या नागपुरात मोठी झाली ताई, हंगेरीत फक्त गोल्ड घेतलं. २०२४ ची ऑलिंपियाड बुडापेस्टला होती, तिथे आपल्या महिला टीमनं गोल्ड घेतलं आणि तिसऱ्या बोर्डवर दिव्याचं वेगळं वैयक्तिक गोल्ड. ग्रँडमास्टर ती झाली २०२५ मध्ये, जॉर्जियात बातुमीला महिला वर्ल्ड कप जिंकून, फायनलला कोनेरू हम्पीला हरवून, एकही जीएम नॉर्म आधी नसताना डायरेक्ट.

सेगेदचं विचाराल तर पीटर लेको. जन्म सुबोतिकाचा, ते गाव आता सर्बियात, पण अगदी तान्हा असताना घर सेगेदला आलं, त्यामुळे हा सेगेदचाच धरतात. १९९४ मध्ये १४ व्या वर्षी ग्रँडमास्टर, त्यावेळी जगात सगळ्यात लहान. २००४ मध्ये स्वित्झर्लंडला ब्रिसागोत व्लादिमीर क्रामनिकशी वर्ल्ड टायटलची १४ डावांची मॅच, १३ डावांनंतर लेको एका पॉइंटने पुढे, शेवटचा फक्त ड्रॉ करायचा होता, आणि तोच हरला. ७-७, आणि बरोबरी झाली की जुना चॅम्पियनच कायम, असा नियम. तुमच्या मुलाला तो चौदावा डाव जरूर दाखवा, क्रामनिकनं काळ्या राजाला मधोमध कसं कोंडलं ते पाहण्यासारखं आहे. इतकी घट्ट खेळणारी माणसं कमी, लोक त्याच्या ड्रॉंना कंटाळायचे, मी नाही कंटाळलो. नंतर त्यानं जर्मनीच्या व्हिन्सेंट काइमरला तयार केलं, आणि कॉमेंट्रीही फार छान करतो.

हंगेरीला पाठवायचं तर सेगेदला नाही, बुडापेस्टला, तिथे फर्स्ट सॅटरडे नावाच्या नॉर्मच्या स्पर्धा वर्षानुवर्षं चालत आल्या, आपल्याकडचे कितीतरी पोट्टे जाऊन आले. पण ११ व्या वर्षी, मुलाचं रेटिंग किती हे तुम्ही लिहिलंच नाही, अठराशेच्या खाली असेल तर तिकिटाचे पैसे वाचवा, रौनक साधवानी, संकल्प गुप्ता, दिव्या, तिघंही याच शहरातल्या स्पर्धा खेळून वर आले. आधी इथल्या आणि महाराष्ट्रातल्या रेटिंग ओपन खेळू द्या, रेटिंग बावीसशेच्या पुढं गेलं की मग कोचला विचारा की नॉर्म टुर्नामेंट कुठली, फी किती आणि सोबत कोण जाणार.